चौथ्या सेलचा खरा आकडा

इंदापूरच्या टेलिफोन एक्स्चेंजात भानुदास सरवदे एकोणतीस वर्षं होते, पण त्या एकोणतीस वर्षांत ते फोनवर जेवढं बोलले तेवढं सगळं एकत्र केलं तरी एक दिवस भरणार नाही. त्यांचं काम मागच्या खोलीत. तिला बॅटरी रूम म्हणायचे. कमरेएवढ्या उंचीचे चोवीस सेल लाकडी घडवंचीवर ओळीनं मांडलेले, आत ॲसिड, आणि दार उघडलं की नाकात झोंबणारा आंबूस वास. गावची वीज गेली की सगळे फोन त्या चोवीस सेलांच्या जिवावर चालायचे आणि बाहेर कुणाला त्याचा पत्ताही नसायचा.

भानुदास मूळचे बावड्याचे. वडील आयुष्यभर दुसऱ्याच्या उसात पाणी धरत राहिले. मॅट्रिक झाल्यावर भानुदास खात्याच्या केबलसाठी चर खणायला रोजंदारीवर लागले, आणि चर खणता खणता त्यांनी खात्याची परीक्षा दिली. पुस्तकं सगळी इंग्रजीत. त्यांनी एक जाडजूड शब्दकोश मिळवला आणि प्रत्येक पानाच्या कडेला पेन्सिलीनं मराठी अर्थ लिहीत अख्खं मॅन्युअल पालथं घातलं. पहिल्या खेपेला नापास झाले. दुसऱ्या खेपेला असे पास झाले, की चर खणणारा तो सरवदे हाच का, म्हणून साहेब मुद्दाम बघायला आले.

बॅटरी रूममध्ये त्यांना काम शिकवलं रावजी नावाच्या जुन्या मेकॅनिकनं. रोज सकाळी प्रत्येक सेलचे व्होल्ट मोजायचे, ॲसिडचा घट्टपणा मोजायचा, आणि दोन्ही रजिस्टरात लिहायचे. चोवीस सेल, अठ्ठेचाळीस आकडे. कंटाळवाणं काम. कितीतरी ठिकाणी लोक कालचेच आकडे आज एखादा पॉइंट इकडंतिकडं करून उतरवायचे. रावजींनी पहिल्याच दिवशी सांगितलं, "भानुदास, सेल आपनहून बोलत न्हाय. तू इचारलंस तरच सांगतो. आन न इचारता तू लिवलंस, तर त्ये तुजं बोलनं झालं, त्याचं न्हवं."

भानुदासांनी ते मनावर घेतलं. एकदा अकरावा सेल तीन आठवडे रोज केसाएवढा उतरत होता. त्यांनी साहेबांना लिहून कळवलं. साहेब म्हणाले, दोन पॉइंटनं काय आभाळ कोसळतंय? त्यांनी पुन्हा लिहिलं. तिसऱ्यांदा लिहिल्यावर वैतागून साहेबांनी सेल बदलायची परवानगी दिली. काढलेला सेल फोडून पाहिला, तर आतल्या पट्ट्यांचा भुगा होऊन तळाशी गाळ साचला होता. साहेबांनी त्यानंतर दोन पॉइंटांची चेष्टा कधी केली नाही.

निवृत्त झाल्यावर त्यांनी घरापुढच्या पत्र्याच्या शेडमध्ये टेबल टाकलं. शेतकरी पाठीवरच्या फवारणी पंपाच्या बॅटऱ्या घेऊन यायचे, हे दुरुस्त करून द्यायचे. बायको ताईबाई म्हणायची, "अवो, हापीस सुटलं, पर बॅटरी काय तुमाला सुटंना."

"तिलाच मी सुटंना, त्याला काय करू?" हे म्हणायचे.

चार वर्षांपूर्वी त्या शेडमध्ये राजेश्वरी जगताप आली. काटेवाडीकडच्या एका शाळेत ती विज्ञान शिकवते. आठवी-नववीच्या मुलींना घेऊन तिनं विमानं बनवण्याचा छंदवर्ग काढला होता. हलक्या फोमच्या शीटची, हातभर पंखांची, रिमोटवर उडणारी विमानं. बारामती आणि इंदापूर मिळून अकरा शाळांत असे वर्ग निघाले होते, आणि अकराही शाळांनी एकाच कंपनीचे, एकाच बनावटीचे चार्जर घेतले होते. जेवणाच्या डब्याएवढा चार्जर, वर छोटा पडदा, पडद्यावर बॅटरीतल्या प्रत्येक सेलचे व्होल्ट वेगवेगळे दिसायचे. राजेश्वरीचा चार्जर बंद पडला होता. दुकानदारांनी हात वर केले आणि तिला टेलिफोनवाल्या तात्यांचा, म्हणजे भानुदासांचा, पत्ता दिला.

बिघाड साधा फ्यूजचा निघाला. पण तात्यांची नजर तिच्या पिशवीतल्या बॅटरीवर गेली. मऊ, चपटी, साबणाच्या वडीएवढी. ही लिथियमची. नीट भरली तर विमान उडवते, प्रमाणाबाहेर भरली तर फुगते, आणि फुगल्यावरही भरत राहिलं तर भडकून पेटते. तात्यांनी ती हातात घेतली, उलटसुलट केली आणि परत दिली.

"मॅडम, चार्जर झाला. पर ह्या बॅटरीचं मला काय इचारू नका. मला ती कळत न्हाय अजून."

राजेश्वरी गेली. दोन महिन्यांनी तिला तात्यांचा फोन आला. "आता कळायला लागलीय. मुली सांबाळून भरत्यात का, येऊन बघू का?" दोन महिने त्यांनी लिथियमवर जे मिळेल ते वाचलं होतं. तेव्हापासून दर गुरुवारी इंदापूर-बारामती एसटी पकडून ते काटेवाडीला उतरायला लागले. मुलींना त्यांनी बॅटरी फरशीवर ठेवून भरायला शिकवलं, शेजारी वाळूची बादली ठेवायला लावली, आणि भरणं चालू असताना जागेवरून उठायचं नाही असा नियम घातला. मुली त्यांना पाठीमागं 'बॅटरीआबा' म्हणायच्या. त्यांना ते माहीत होतं.

गेल्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीनंतर चार्जरच्या कंपनीकडून अकराही शाळांना निरोप आला. चार्जरचं फर्मवेअर नवीन आलंय, ते टाकून घ्या. सोबत कॉम्प्युटरवरून उतरवायची फाइल. फर्मवेअर म्हणजे चार्जरच्या डोक्यात भरलेली अक्कल. किती व्होल्टला थांबायचं, कुठला सेल मागं राहिलाय, करंट कधी कमी करायचा, हे सगळं तीच ठरवते. नव्या अकलेनं बॅटरी लवकर भरेल, असं निरोपात लिहिलं होतं.

शिक्षकांच्या ग्रुपवर लगेच चर्चा सुरू झाली. सोमेश्वरनगरच्या बाजूचे एक शिक्षक, हिंदुराव काकडे, यांनी त्याच संध्याकाळी स्वतःच्या शाळेच्या चार्जरला ते टाकलं आणि फोटो पाठवला: 'पाच मिनिटांचं काम आहे.' त्यांचं बघून आणखी पाच शाळांनी उरकून घेतलं. राजेश्वरीनं मात्र गुरुवारची वाट पाहिली.

गुरुवारी तात्या आले ते रजिस्टर घेऊनच. फाइल उतरवून, लॅपटॉप मांडून राजेश्वरी तयार होती. तात्यांनी आधी एक बॅटरी जुन्याच फर्मवेअरवर पूर्ण भरायला लावली. तास गेला. मग आपल्या मीटरनं तिचे चारही सेल मोजले आणि पडद्यावरचे आकडे नि मीटरवरचे आकडे शेजारीशेजारी लिहिले. चारही जुळले.

"तात्या, नवीन टाकणारच आहोत, मग जुन्याचं कशाला मोजता?"

"मॅडम, आदीचं लिवून न्हाय ठेवलं, तर नंतरच्याला नंतरचं म्हनायचं कशावरून?"

मग त्यांनी चार्जरची वायर भिंतीच्या प्लगमधून काढली आणि शाळेच्या इन्व्हर्टरची मोठी बॅटरी ओढत आणायला लावली. चार्जर तिच्यावर जोडला. फर्मवेअर अर्धं गेलं असताना वीज गेली, तर चार्जरची जुनी अक्कल पुसलेली आणि नवी भरलेली नाही, अशी मधल्यामधे गत होते. त्या दिवशी वीज गेली नाही, ही गोष्ट वेगळी. पडद्यावर टक्के चढत गेले. नव्वदला जरा अडखळले, तशी राजेश्वरीनं हात लॅपटॉपकडे नेला. तात्या म्हणाले, "हात लावू नका. घरात कुनी जेवत असलं तर ताट वढतो का आपन?" शंभर झाले. चार्जर बंद होऊन पुन्हा चालू झाला. पडद्यावर नवा नंबर आला.

आता तीच बॅटरी थोडी उतरवून पुन्हा भरायला लावली. खरंच लवकर भरली. पडद्यावर चारही सेल चार पॉइंट वीस. या बॅटरीचा सेल भरला की तिथं थांबायचं असतं. तात्यांनी मीटर लावला. पहिला चार पॉइंट वीस. दुसरा वीस. तिसरा एकोणीस. चौथ्याला मीटर चार पॉइंट सत्तावीसवर जाऊन बसला.

त्यांनी टोकं काढली, पुसली, पुन्हा लावली. सत्तावीस.

"सात पॉइंटच ना?" राजेश्वरी म्हणाली.

तात्यांनी तिच्याकडे पाहिलं. राजेश्वरी नंतर कितीतरी जणांना सांगायची, की त्या नजरेत राग नव्हता, पण आपण वर्गात काहीतरी फार चुकीचं शिकवून बसलोय असं आपल्याला वाटलं.

"मॅडम, ह्या बॅटरीत वीस म्हंजी काठोकाठ. त्याच्या वर सात म्हंजी सांडाय लागलं. आन वाईट हे, की चार्जरला वाटतंय आपन काठावरच हाय. त्यो थांबनारच न्हाय."

त्या दिवशी त्यांनी चार्जर कपाटात ठेवून कुलूप लावायला सांगितलं. राजेश्वरीनं ग्रुपवर लिहिलं: ज्यांनी नवीन टाकलंय त्यांनी चार्जर वापरू नका. आणि कंपनीला सगळे आकडे पाठवले.

दोन दिवसांनी कंपनीच्या मदत विभागाचं उत्तर आलं. नम्र होतं, पण अर्थ एकच: तुमचा मीटर चुकीचा दाखवत असेल. त्यात एक ओळ होती, की कमी दर्जाच्या मीटरची बॅटरी उतरली की तो वाढीव आकडे दाखवतो. राजेश्वरी चिडली. तात्या चिडले नाहीत. ते म्हणाले, "बरोबर बोलत्यात त्ये. असं व्हतं खरं."

घरी जाऊन त्यांनी मीटरची बॅटरी बदलली. पण मनात एक किडा वळवळायला लागला होता. वर्षापूर्वी त्यांचं डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं. मुलगा सुयश पुण्याहून फोनवर म्हणाला, "आबा, कशाला डोक्याला ताप करून घेताय? कंपनीत इंजिनियर बसलेत की." त्या रात्रीचं जेवण त्यांना नीट गेलं नाही. ताईबाईनं विचारलं, तेव्हा म्हणाले, "मी चुकलो आसन तर अकरा शाळांचं काम मी फुकाट बंद पाडलं. आन चुकलो नसन तर..."

ताईबाई शाळेत फार गेलेली नाही, पण तिनं एकच विचारलं, "दुसऱ्या कुनाच्या मीटरनं मोजलं का?"

दुसऱ्या दिवशी तात्या बारामतीला गेले. एमआयडीसीत एका कारखान्यात त्यांच्या ओळखीचा माणूस मोजमापाच्या उपकरणांची तपासणी करायचा. त्याच्याकडचा मीटर हजारातला एक भागही अचूक दाखवणारा. त्यानं दोन्ही मीटर एकाच सेलला लावले. फरक केसाचा. तात्यांच्या मीटरनं अठरा वर्षांत इमान सोडलं नव्हतं. त्या माणसानं तसा कागदही लिहून दिला.

मग ते गेले सोमेश्वरनगरच्या बाजूला, हिंदुराव काकड्यांच्या शाळेत. हिंदुरावांनी ग्रुपवर राजेश्वरीच्या सूचनेखाली लिहिलं होतं, 'आमच्याकडे सर्व व्यवस्थित चालू आहे.' तात्यांना दारात पाहून त्यांना फारसं बरं वाटलं नाही.

"तात्या, एवढं घाबरून कसं चालायचं? आठ दिवसांवर बारामतीची स्पर्धा आलीय. पोरं सराव करायची कशी?"

"सर, मी काय बंद करायला आलेलो न्हाय. एक बॅटरी भरू, मोजू, आन च्या पिऊन जातो."

बॅटरी भरली. इथं चौथा सेल बरोबर निघाला. तिसराही. हिंदुरावांचा चेहरा खुलला. "बघा, मी म्हणालो होतो!" तात्यांनी दुसऱ्या सेलला टोकं लावली. पडद्यावर वीस, मीटरवर सव्वीस. आणि पहिला मात्र सोळाच. तात्यांनी दोन्ही आकडे रजिस्टरात लिहिले. मग तात्यांनी हळूच विचारलं, "सर, भरलेल्या बॅटऱ्या कुठं ठेवता?"

हिंदुरावांनी कपाट उघडलं. खणात सहा बॅटऱ्या होत्या. त्यातल्या तीन तळलेल्या पुरीसारख्या टम्म फुगल्या होत्या. कपाटाच्या खालच्या खणात शाळेचे चार्ट आणि पोरांच्या वह्यांचे गठ्ठे. तात्यांनी एकेक बॅटरी हलक्या हातानं उचलली, बाहेर पटांगणात नेली आणि वाळूच्या बादलीत पुरली. परत आले तेव्हा हिंदुराव म्हणाले, "आज सकाळीच ह्या खोलीत नववीचा तास घेतला मी."

"आता न्हाय ना काय झालं. बसा," तात्या म्हणाले. पुढं ते काही बोलले नाहीत, सांगितलं तेव्हाच का नाही ऐकलं, हेही नाही. हिंदुरावांना तेच फार लागलं. त्याच संध्याकाळी त्यांनी ग्रुपवर स्वतःची चूक स्वतःच्या नावानं लिहिली, फुगलेल्या बॅटऱ्यांचा फोटो टाकला आणि बाकीच्या पाच शाळांना फोन केले.

पण तात्यांच्या डोक्यात भलतंच कोडं पडलं होतं. एका चार्जरचा चौथा सेल चुकतो, दुसऱ्याचा पहिला नि दुसरा. एकच अक्कल सगळ्यांत घातली, तर चूकही एकच पाहिजे होती. कंपनीला हे कळवलं असतं, तर त्यांनी लगेच म्हटलं असतं, बघा, मापातच मेळ नाही. एसटीत खिडकीशी बसून ते तेच घोळवत होते. भवानीनगर गेलं, निमगाव गेलं. आणि इंदापूरच्या अलीकडं त्यांच्या ध्यानात आलं, की आपण प्रश्न उलटा धरलाय. चूक वेगवेगळी का, हे नंतर. आधी सगळे बरोबर कसे होते, हे विचारलं पाहिजे.

बावड्याच्या शाळेनं अजून नवीन फर्मवेअर टाकलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी तात्या आपल्या गावी गेले, तिथल्या चार्जरवर बॅटरी भरली आणि मोजली. चारही सेल बरोबर. मग त्यांनी तिथल्या शिक्षकांना समजावून त्या एका चार्जरमध्ये मुद्दाम नवीन फर्मवेअर टाकलं आणि पुन्हा मोजलं. तिसरा सेल चुकला. रजिस्टरात त्यांनी लिहिलं: 'आधी मोजलेले दोन्ही बरोबर. नंतर तिन्ही चूक, पण प्रत्येकाची चूक वेगळी. म्हणजे नवीन फर्मवेअर चूक घालत नाही. जुन्यात प्रत्येकाची वेगळी दुरुस्ती असावी, ती हे पुसत असावं.' तिन्ही चार्जरांची नंतरची मापं, त्यातल्या दोघांची आधीचीही, बारामतीच्या मीटरचा कागद, सगळं राजेश्वरीनं इंग्रजीत करून कंपनीला पाठवलं. या वेळी मदत विभागाला नाही, तर ज्यानं हे फर्मवेअर लिहिलं त्याला दाखवा, अशी विनंती करून.

स्पर्धा मात्र कंपनीच्या उत्तरासाठी थांबणार नव्हती. आठ शाळांचे चार्जर आता निकामी. न बदललेले उरले तीन. तात्यांनी ते तिन्ही मागवून घेतले आणि स्पर्धेच्या दिवशी बारामतीच्या मैदानावर मांडवाच्या कडेला सतरंजीवर ठाण मांडलं. समोर तीन चार्जर, मधे फरशीचे तुकडे, बाजूला वाळू, मांडीवर रजिस्टर. अकराही शाळांच्या बॅटऱ्या एकामागून एक तिथं भरल्या गेल्या. कुणाची आधी, कुणाची नंतर, यावरून वाद व्हायला लागले, तेव्हा हिंदुराव पुढं येऊन उभे राहिले आणि चिठ्ठ्या वाटायला लागले. सकाळी आठ ते दुपारी तीन. तात्यांनी जेवणही तिथंच बसल्याजागी केलं, कारण भरणं चालू असताना उठायचं नाही, हा नियम त्यांनीच घातला होता. राजेश्वरीच्या मुलींचं विमान दुसऱ्या फेरीत छान चढलं, वळण घेताना मंडपाच्या बांबूला धडकलं आणि मुलींनी ते नाक मोडलेलं विमान रडत-हसत तात्यांच्या पुढ्यात आणून ठेवलं. "बॅटरी ठीक हाय," तात्यांनी मोजून सांगितलं. "इमानाचं तुमी बघा."

चार दिवसांनी शेडमध्ये त्यांचा फोन वाजला. अनोळखी नंबर.

"भानुदास सरवदे सर बोलतायत का? मी प्रतिक्षा. चार्जरचं फर्मवेअर मी लिहिते."

तात्या खुर्चीवरून उठून उभेच राहिले. प्रतिक्षा मूळची सांगलीची, कंपनीच्या कामासाठी बाहेरच्या राज्यात राहणारी. तिनं कागद पाहिले होते आणि रजिस्टरातली ती शेवटची ओळ तीनदा वाचली होती.

"सर, तुम्ही लिहिलंय तसंच झालंय. प्रत्येक चार्जर तयार झाला की आम्ही तो मोजतो आणि त्याची थोडीथोडी चूक भरून काढणारे आकडे त्याच्यातच साठवतो. ते आकडे जिथं होते, ती जागा नव्या फर्मवेअरनं वापरली. माझ्याकडून ते सुटलं. मी तपासलं, पण माझ्या टेबलावरच्या एकाच चार्जरवर. नेमकी त्याची चूक इतकी कमी होती, की पुसली गेल्याचं कळलंच नाही."

तात्यांनी रजिस्टर ओढून ते पान काढलं.

"सर, तुम्ही रागावलाय का?"

"न्हाय बाई. तुमी सोता फोन केला, ही लई मोठी गोष्ट हाय. आमच्यात साहेब चिठ्ठी धाडायचा." मग थोडं थांबून म्हणाले, "आता पयलं काम म्हंजी ज्यानी ज्यानी टाकलंय, त्या समद्यांना आजच कळवा. आमचे अकरा आमी सांबाळले. बाकीच्यांचं कोन बगनार?"

कंपनीनं त्याच दिवशी ती फाइल काढून घेतली आणि सगळ्या गिऱ्हाइकांना सावधगिरीचा निरोप धाडला. दोन आठवड्यांनी दुरुस्त फर्मवेअर आलं. पण ज्या चार्जरांतले आकडे पुसले गेले होते, ते परत कुठून आणायचे? कारखान्यातल्या नोंदी जुन्या चार्जरांच्या नव्हत्याच. प्रत्येक चार्जर समोर घेऊन, अचूक मीटरनं एकेक सेल मोजून, खरा आकडा त्याला पुन्हा सांगावा लागणार होता. प्रतिक्षा म्हणाली, सगळे चार्जर आमच्याकडे पाठवा, महिनाभर लागेल. तात्या म्हणाले, कसं करायचं त्येवढं सांगा.

तिनं फोनवर शिकवलं. कंपनीनं एक अचूक मीटर पाठवला. आणि मग थंडीच्या दिवसांत सकाळच्या एसटीनं पिशवी खांद्याला लावून निघालेले सहासष्ट वर्षांचे तात्या लोकांना रस्त्यावर दिसायला लागले. आज सणसर, उद्या सोमेश्वरनगर, परवा बावडा. उसाच्या बैलगाड्यांमागं एसटी रखडायची, तात्या उशिरा पोचायचे, पण एका दिवसात एकच चार्जर, हा त्यांचा बेत मोडला नाही. राजेश्वरीनं एकदा म्हटलं, "तात्या, सगळे एका जागी मागवूया ना, दोन दिवसांत उरकेल." ते म्हणाले, "मॅडम, चार्जर तितंच राहनार हाय. ज्यांनी वापरायचा, त्यांच्या म्होरं झाला पायजे." प्रत्येक शाळेत त्यांनी मुलांना भोवती बसवलं आणि आकडे त्यांच्याकडूनच वाचून घेतले. एका शाळेत मुख्याध्यापकांनी शाल-नारळ आणला होता. तात्यांनी नारळ घेतला आणि तिथंच फोडून मुलांत वाटला. शाल मात्र राहू द्या म्हणाले.

हिंदुरावांच्या शाळेत सगळं झाल्यावर चहा आला. हिंदुराव म्हणाले, "तात्या, एक विचारतो. त्या दिवशी आमच्याकडं आधी मोजलेले दोन सेल नीट निघाले, तेव्हा मी तर 'बघा' म्हणून मोकळा झालो होतो. तुम्ही थांबला का नाही?"

तात्यांनी बशीतला चहा संपवला. "सर, चार व्हते न्हवं?"

त्या उन्हाळ्यात प्रतिक्षा पुण्याला आली होती, तेव्हा वाट वाकडी करून इंदापूरला आली. तिनं शेड पाहिली, रजिस्टर पाहिलं. ताईबाईनं तिला चिलापी माशाचं कालवण आणि बाजरीची भाकरी वाढली. जेवण झाल्यावर ती म्हणाली, की यापुढं प्रत्येक फर्मवेअर बाहेर सोडण्याआधी पाच वेगवेगळे चार्जर तुमच्याकडे येतील, तुम्ही मोजून पास केल्याशिवाय ते लोकांना मिळणार नाही. कंपनी मानधन देईल. तात्यांनी बराच विचार केला आणि एकच अट घातली: मी नापास केलं तर का केलं, हे वरच्या साहेबानं नाही, तिनं स्वतः फोन करून विचारायचं. प्रतिक्षानं हात पुढं केला.

तेव्हापासून तीनदा पार्सल आलं. दोनदा त्यांनी पास केलं. मागच्या महिन्यात पाचपैकी एका चार्जरमध्ये पंखा उशिरा सुरू होत होता. पडद्यावर काही चूक नव्हती, व्होल्टही बरोबर होते. तात्यांनी हाताच्या पाठीनं चार्जरची कड तपासली, थर्मामीटर लावला, आणि नापास लिहिलं. अर्ध्या तासात प्रतिक्षाचा फोन आला. ताईबाई शेंगा निवडत बसली होती. तात्या फोनवर बोलत राहिले, एकेक आकडा सावकाश वाचून दाखवत. पलीकडून प्रतिक्षा लिहून घेत होती, आणि मधेच 'थांबा सर, परत सांगा' म्हणाली की ते पुन्हा पहिल्यापासून सुरू करत होते.